संग्रहातला सगळ्यात जुना चित्रपट

माझ्या संग्रहातला सगळ्यात जुना चित्रपट जेमतेम पन्नास सेकंदांचा आहे. फ्रान्समधल्या लिआँ शहरातल्या ल्युमिएर बंधूंच्या कारखान्याचे दार उघडते आणि कामगार बाहेर पडू लागतात. त्यांत पायघोळ झगे घातलेल्या बायकाच अधिक. मध्येच एक कुत्रा सगळ्यांच्या पायांत घुटमळतो, कोणी सायकलवरून निघून जातो आणि फिल्म संपते. वर्ष १८९५. गेल्या महिन्यात कपाट आवरायला काढले, तेव्हा प्रत्येक चित्रपटासाठी एक छोटे कार्ड करायचे आणि सगळा संग्रह वर्षानुसार लावायचा, असे मी ठरवले होते. हे काम एका दुपारी उरकेल, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच कार्डावर मी अडले. ही फिल्म ल्युमिएर बंधूंनी एकदा काढून सोडून दिलेली नाही. तिच्या तीन आवृत्त्या आहेत आणि दारातून बाहेर येणाऱ्या गाडीला एक घोडा आहे, दोन आहेत की घोडागाडीच नाही, यावरून अभ्यासक त्या ओळखतात. माझ्याकडच्या डिस्कवर तिन्ही एकापाठोपाठ आहेत. त्या तशा पाहिल्या की कामगारांचे कपडे आणि अंगणातले ऊन यांतला फरक डोळ्यांत भरतो. ज्याला मी इतकी वर्षे सहज टिपलेला प्रसंग समजत होते, तो मालकांनी आपल्याच कामगारांकडून पुन्हा पुन्हा करून घेतलेला आहे, हेही लक्षात येते. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधल्या ग्रँड कॅफेच्या तळघरात तिकीट लावून ज्या दहा फिल्म दाखवल्या गेल्या, त्यांत कारखान्याची फिल्म होती. फलाटावर येणाऱ्या आगगाडीची प्रसिद्ध फिल्म मात्र त्या दिवशीच्या कार्यक्रमात नव्हती, जरी माझ्याकडच्या एका जुन्या संचाच्या वेष्टनावर ती होती असे ठासून छापले आहे.

तेव्हा कार्डावर ‘वर्ष’ आणि ‘लांबी’ या दोन रकान्यांच्या जोडीला ‘कोणती प्रत’ हा तिसरा रकाना आखावा लागला, आणि पुढचे तीन आठवडे माझा सगळा वेळ त्या तिसऱ्या रकान्यातच गेला. पुस्तकाची आवृत्ती जुनी असो वा नवी, मजकूर बहुधा तोच असतो. जुन्या चित्रपटाचे तसे नाही. कपाटात १९०२ किंवा १९२२ साल कोणाच्याच मालकीचे नसते. आपल्याकडे असते ती त्या सालच्या फिल्मची कोणा एका प्रतीवरून, कोणा एका वर्षी, कोणी एकाने केलेली नक्कल, आणि ती प्रत कोणती यावर आपण नेमके काय पाहिले हे ठरते.

याला मुळात कारणीभूत आहे ती त्या काळची फिल्म. साधारण १९५१ पर्यंत चित्रपटगृहांत वापरली जाणारी फिल्म नायट्रेटची असे. ती दिसायला अतिशय देखणी, काळा रंग खोल आणि पांढरा रंग चांदीसारखा, पण जितकी देखणी तितकीच घातकी. एकदा पेटली की जळायला लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्यात बुडवूनही विझत नाही. पेटली नाही तरी डब्यात पडल्या पडल्या आधी चिकट होते, मग थर एकमेकांना चिकटून तिचा गोळा होतो आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. त्यात बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही आणि जागा अडते म्हणून, किंवा आतली चांदी काढून घेण्यासाठी, ते सरसकट नष्ट करण्यात आले. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १९१२ ते १९२९ या काळात तिथे निघालेल्या जवळजवळ अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे १४ टक्केच मूळ रूपात, संपूर्ण शिल्लक आहेत. माझा वरचा कप्पा म्हणजे वाचलेल्यांचा कप्पा आहे, आणि वाचण्याची कारणे पाहू गेले तर गुणवत्तेचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही.

जॉर्ज मेलिएसची चंद्रावरची सफर, ‘ल व्हॉयाज दां ला ल्यून’ (१९०२), हे याचे ठळक उदाहरण. १९२३ साली कर्जबाजारी झालेल्या मेलिएसने स्वतःच्या हाताने आपल्या निगेटिव्ह जाळून टाकल्या. आज त्याचे जे चित्रपट पाहता येतात, ते आधीच जगभर विकल्या गेलेल्या प्रतींमुळे. या सफरीच्या काही प्रती त्या काळी हाताने रंगवून विकल्या गेल्या होत्या. त्यांतली एक १९९३ साली बार्सिलोनात मिळाली, पण ती इतकी चिकटलेली होती की तिला फिल्म म्हणण्यापेक्षा वडी म्हणणे योग्य ठरले असते. तिचे तुकडे धीराने सोडवून त्यांची छायाचित्रे घेण्यात काही वर्षे गेली. मग संगणकाच्या मदतीने १३,३७५ फ्रेम जुळवण्यात आल्या आणि २०११ साली कान महोत्सवात तो रंगीत चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. माझ्याकडे ही प्रत आणि एक जुनी कृष्णधवल प्रत, अशा दोन्ही आहेत. रंगीत प्रतीत एखादे दृश्य थांबवून एक एक फ्रेम पुढे सरकवले की कुंचल्याचा हात दिसतो. एका फ्रेममध्ये अंगरख्याचा रंग बाहीच्या रेषेच्या आत असतो, पुढच्या फ्रेममध्ये केसभर बाहेर गेलेला असतो. चित्र चालू केले की याच चुकांमुळे रंग कपड्यांवर थरथरत राहतो. कार्डावर मी दोन्ही प्रती लिहिल्या. वर्ष एकच घातले, पण समाधान झाले नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा ‘नोस्फेराटू’च्या बाबतीत झाला आणि त्यात माझी चूक अर्धीच आहे. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा हा १९२२ सालचा भयपट मी पहिल्यांदा पाहिला तो एका स्वस्त संचातून. वीस अभिजात चित्रपट एका खोक्यात देऊ करणारा हा संच काढणाऱ्यांचे नाव इथे घेत नाही, कारण असे संच काढणारे पुष्कळ आहेत आणि सगळ्यांची पद्धत सारखीच असते. कुठलीशी झिजलेली प्रत मिळवायची, तिच्यावर पियानोची एकच धून फिरवून फिरवून चिकटवायची आणि वेष्टनावर ‘संपूर्ण आवृत्ती’ असे छापायचे. त्या प्रतीत काउंट ओरलॉक हा रक्तपिपासू पिशाच आपली शवपेटी बगलेत धरून शहरात शिरतो, तो लख्ख उजेडात. घरांच्या भिंतींवर ऊन आहे आणि वस्तूंच्या सावल्या रेखीव आहेत. दुसऱ्या एका दृश्यात भर दुपार वाटावी अशा प्रकाशात माणूस मेणबत्ती हातात घेऊन चालतो. चित्रपट मोठा असेल, पण काम गलथान आहे, असे माझे मत झाले आणि ते मी बरीच वर्षे बाळगले, इतकेच नव्हे तर एकदोघांना मोठ्या अधिकाराने ऐकवलेही.

त्या काळच्या फिल्मवर रात्र चित्रित करणे अवघड होते. म्हणून बाहेरची रात्रीची दृश्ये दिवसाढवळ्या घ्यायची आणि नंतर फिल्मच्या त्या पट्ट्या निळ्या रंगाच्या द्रावणात बुडवून काढायच्या, अशी पद्धत होती. निळी छटा म्हणजे रात्र, पिवळी म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट, हे प्रेक्षकाला न सांगता कळे. पुढे जेव्हा अशा प्रतींवरून कृष्णधवल फिल्मवर नकला काढल्या गेल्या, तेव्हा छटा गळून पडल्या आणि रात्र नाहीशी झाली. जर्मनीत झालेल्या पुनरुज्जीवनासाठी फ्रान्समध्ये जपलेल्या, छटा शाबूत असलेल्या १९२०च्या दशकातल्या प्रतीचा आधार घेण्यात आला. ती आवृत्ती हाती आल्यावर मी तेच शवपेटीचे दृश्य लावले. सगळे शहर निळे झाले होते. भिंतीवरचे ऊन आता चांदणे होते, आणि बगलेत पेटी घेऊन घाईघाईने चालणारा तो हडकुळा माणूस पहिल्यांदाच मला हास्यास्पद वाटला नाही.

गंमत अशी की सूर्याच्या प्रकाशाने पिशाच मरते, ही कल्पना मुळात या चित्रपटाची देणगी आहे. ज्या कादंबरीवरून हे कथानक परवानगीवाचून उचलले, त्या ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त काउंट दिवसाही फिरू शकतो. म्हणजे ज्या चित्रपटाचा शेवटच पहाटेच्या पहिल्या किरणावर अवलंबून आहे, तोच चित्रपट मी अशा प्रतीत पाहत होते जिच्यात पिशाच पहिल्यापासून उन्हात हिंडते. स्टोकरच्या पत्नीने पुढे खटला भरला आणि १९२५ साली जर्मन न्यायालयाने या चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. परदेशी गेलेल्या प्रती त्यातून सुटल्या म्हणून ‘नोस्फेराटू’ उरला. निर्मात्यांनी हक्क विकत घेतले नाहीत ही उघड चोरीच होती आणि बाईंची बाजू न्याय्य होती, असे मला आजही वाटते. तरी तो आदेश पुरता अमलात आला नाही याचा आनंदही मी लपवणार नाही.

गतीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, पण त्यानेही मला बरेच फसवले आहे. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला सोळापासून चोवीसपर्यंत कितीही फ्रेम जात, आणि बोलपटांबरोबर चोवीस हा आकडा कायम झाल्यावर जुने चित्रपटही त्याच गतीने पळवले गेले. जुन्या काळची माणसे तुरुतुरु चालत असावीत असे लहानपणी वाटायचे, ते यामुळे. कार्ल ड्रेयरच्या जोन ऑफ आर्कवरील चित्रपटाची (१९२८) जी डिस्क माझ्याकडे आहे, तिच्यात तो सेकंदाला वीस आणि चोवीस अशा दोन्ही गतींनी दिला आहे. एक सुमारे ९७ मिनिटांचा, दुसरा सुमारे ८१. फाल्कोनेत्ती या अभिनेत्रीचा चेहरा पडदाभर असताना डोळ्यांतून ओघळणारे पाणी संथ गतीत जसे रेंगाळते तसे दुसऱ्या गतीत रेंगाळत नाही. माझी पसंती संथ गतीला आहे.

त्या चित्रपटाची कथा तर कादंबरीकारानेही रचली नसती. त्याची मूळ निगेटिव्ह आगीत गेली. ड्रेयरने न वापरलेल्या टेकमधून सगळा चित्रपट पुन्हा जुळवला, तर तीही निगेटिव्ह जळाली. मग पन्नास वर्षे लोक विद्रूप प्रतींवर भागवत राहिले, आणि १९८१ साली ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात पहिल्या, मूळ आवृत्तीची प्रत सापडली. माझ्या कार्डावर ‘कोणती प्रत’ या रकान्यात ‘मनोरुग्णालयातील कपाट’ असे लिहिले आहे, आणि ते वाचणाऱ्याला माझ्याच प्रकृतीची काळजी वाटण्याचा संभव आहे.

फ्रित्स लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये प्रतीचे वय शोधावे लागत नाही, ते पडद्यावर दिसते. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला तो अडीच तासांचा म्हणून दाखवला गेला आणि काही महिन्यांतच त्याची निर्दय काटछाट झाली. २००८ साली ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक निगेटिव्ह मिळाली, जिच्यात कापलेला बहुतेक भाग होता. या भागांचा क्रम लावायला मूळ पार्श्वसंगीताची स्वरलिपी उपयोगी पडली, कारण तिच्यात कोणत्या सुरावर पडद्यावर काय घडते याच्या हजारावर नोंदी होत्या. २०१०च्या आवृत्तीत एक दृश्य नितळ असते आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर पावसासारख्या उभ्या रेषा पडू लागतात, चौकटीच्या कडेला काळी पट्टी येते, कारण १६ मिलिमीटरवर नक्कल करताना चित्राची कड कापली गेली होती. ही जोडणी दिसते म्हणून नाके मुरडणारे प्रेक्षक आहेत. मला ती तशीच हवी आहे. ओरखडे आले की मी सावरून बसते, कारण ऐंशी वर्षे कोणी न पाहिलेला भाग आता सुरू झाला, याची ती सूचना असते.

आपल्याकडचे कार्ड लिहिणेही सोपे गेले नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा हे सर्वांना पाठ असते. त्याच्या चार रिळांपैकी काही भागच आज पाहायला मिळतो, आणि तोही १९१३ चा नसून फाळक्यांनी हीच कथा १९१७ साली पुन्हा चित्रित केली त्या आवृत्तीचा आहे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तारामतीच्या भूमिकेत वावरणारे अण्णा साळुंके पाहताना हे सगळे विसरायला होते, पण कार्डाला ते चालत नाही. मी तिथे पेन्सिलने दोन्ही साले लिहून ठेवली आहेत. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) त्या मानाने पुष्कळच अधिक उरला आहे आणि त्यात बाळकृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्याकडे इतक्या बेधडकपणे पाहते की वर्षाचा प्रश्न उपस्थितच होत नाही.

घरगुती संग्रहांबद्दल मोठ्या संस्थांना फारसे प्रेम नसते, पण त्यांच्या उपकाराबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९२२ साली फ्रान्समध्ये पाथे कंपनीने घरी चित्रपट दाखवण्यासाठी साडेनऊ मिलिमीटरची फिल्म काढली, जिची छिद्रे कडेला नसून दोन फ्रेमच्या मध्ये असतात. पुढच्याच वर्षी कोडॅकची १६ मिलिमीटर आली. घरात आग लागू नये म्हणून या दोन्ही न भडकणाऱ्या ॲसिटेटवर बनवल्या जात. चित्रपटगृहांतल्या भव्य प्रती जळून आणि कुजून गेल्या, आणि दिवाणखान्यात दाखवण्यासाठी कापून लहान केलेल्या प्रती मागे राहिल्या, त्याचे कारण हे इतके साधे आहे. विलिस ओब्रायनने एक एक फ्रेम हलवून उभे केलेले डायनोसॉर ज्यात आहेत, तो ‘द लॉस्ट वर्ल्ड’ (१९२५) अनेक दशके पाहता आला तो घरी भाड्याने मिळणाऱ्या अशाच संक्षिप्त प्रतींमुळे. १९५४ साली केव्हिन ब्राउनलो या शाळकरी मुलाच्या हाती आबेल गान्सच्या ‘नेपोलियन’ची (१९२७) साडेनऊ मिलिमीटरची दोन रिळे आली. ती पाहून तो इतका भारावला की उरलेला चित्रपट शोधण्यात त्याने आयुष्य घातले, आणि २०१६ साली त्याची साडेपाच तासांची आवृत्ती लोकांपुढे आली.

माझ्या संग्रहातली वस्तू म्हणून सगळ्यात जुनी गोष्ट ल्युमिएरची डिस्क नव्हे. ती तर पाच वर्षांपूर्वीची आहे. ते आहे आठ मिलिमीटरचे एक रीळ, चार्ली चॅप्लिनच्या ‘द इमिग्रंट’चे (१९१७), माझ्याकडे वारशाने आलेले. दोनशे फूट फिल्म म्हणजे जेमतेम सोळासतरा मिनिटे, त्यामुळे त्यात हिंदकळणाऱ्या जहाजावरचा भाग आहे आणि उपाहारगृहातला पुढचा भाग नाही. लहानपणी मला तो चित्रपट जहाजातच संपतो असे वाटत असे. १९८३ साली याच ब्राउनलोने डेव्हिड गिलबरोबर चॅप्लिनच्या टाकून दिलेल्या चित्रीकरणावर माहितीपट केला, त्यातून मला कळले की चॅप्लिनने आधी उपाहारगृहाचा भाग चित्रित केला होता आणि ही माणसे तिथे आली कुठून, याचे उत्तर म्हणून जहाज नंतर सुचले. म्हणजे माझ्याकडे जो अर्धा भाग आहे, तो नंतर झालेला आहे.

परवा तो डबा उघडला तेव्हा व्हिनेगरचा उग्र वास आला. ॲसिटेट न भडकणारे असले तरी अमर नाही. ते विघटित होऊ लागले की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, फिल्म आकसते, वाकडी होते, आणि तो वास बंद डब्यात साठला की हे सगळे आणखी वेगाने होते, शेजारच्या रिळांनाही त्याची लागण होते. रीळ मी वेगळ्या, हवा खेळेल अशा खोक्यात, कोरड्या आणि थंड जागी ठेवले आहे आणि प्रोजेक्टरवर ते पुन्हा चढवायचे नाही असे ठरवले आहे. आकसलेल्या फिल्मची छिद्रे दात्यांत बसत नाहीत आणि फाटतात. ठेवण्यापूर्वी पहिली हातभर फिल्म उजेडासमोर धरून पाहिली. फ्रेम नखाहूनही लहान आहेत, पण कठड्यावरून पाठमोरा वाकलेला तो माणूस ओळखू येतो.

कार्डही लिहून झाले. वर्ष: १९१७. लांबी: अर्धी. कोणती प्रत: वास येतो ती.